कपारकोंडातलं पाणी

भिकाजी गुरव आमच्या वाडीची चढण चढताना दिसला, आणि बाने आधी दारावरचं जाळं ओढून गोधडीखाली सारलं.

"आता काय हरवलं त्यांच्या देवाचं?" आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

आमची वाडी कातकऱ्यांची, अठरा घरांची. गाव खाली, नदीच्या वळणावर. गावात पाणजाईचं देऊळ आणि देवळाच्या पायऱ्या जिथे संपतात तिथे डोह. त्या डोहातला मासा कुणी मारायचा नाही, हात लावायचा नाही, असा नेम. किती पिढ्यांचा ते कुणालाच ठाऊक नाही. मासे खडस जातीचे, ज्यांना शहरातले लोक महासीर म्हणतात. हाताएवढे, मांडीएवढे, सोनेरी खवल्यांचे. त्यांना तांदूळ टाकायचा मान गुरवाचा. डोहातला एखादा मासा दिसेनासा झाला की गाव आधी आमच्या वाडीत यायचं.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आश्रमशाळेतून दहावी होऊन घरी परतले होते. जूनचा दुसरा आठवडा संपत आला होता आणि आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

गुरव अंगणात आला. पासष्टीचा माणूस, उघडाबंब, खांद्यावर पंचा. धाप लागली होती. बाने त्याला बस म्हटलं नाही.

"चांग्या," गुरव म्हणाला, "मासे मरायला लागलेत."

"आमी नाय मारले."

"तुमी मारले म्हणून कोण म्हणतंय? आपसूक मरतायत. काल नऊ मेले. डोह गुडघ्यावर आलाय. गावानं परवा टँकर आणून पाणी सोडलं, तर सकाळी आणखीच उलटे झाले. त्या पाण्यात जंतू मारायची पावडर व्हती म्हणतात." त्याने पंच्याने घाम पुसला. "माणसं पाहिजेत. माशाला हात लावता येणारी."

बा हसला, पण तोंडापुरतंच. "हात लावायचा नाय, हे तुमीच शिकवलंत आमाला."

गुरवाने मान खाली घातली. बा कशाबद्दल बोलतोय ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना, श्रावणातला पूर ओसरल्यावर, बाला डोहाच्या खडकावरून वर येताना लोकांनी पाहिलं. सदऱ्याला खवलं चिकटलेली, हात ओले. मासा त्याच्याजवळ सापडला नाही, पण त्याने काय फरक पडणार? गावकीच्या दौलत मालुसरेने स्वतःच्या गोठ्यातली दोरी आणली आणि बाला देवळाच्या खांबाला बांधलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बा एवढंच म्हणत राहिला, "मी मासा मारला नाय." मी आईच्या पदराला धरून देवळासमोर उभी होते. त्या दिवसानंतर मी त्या देवळाकडे पाहायचं सोडलं होतं.

"चल म्हणत नाय मी," गुरव म्हणाला. "नुसता येऊन बघ."

बाने गुरवाकडे एकवार पाहिलं. मग त्याने टोपी घातली. मीही निघाले. माझं जाण्याचं कारण वेगळं होतं. डोहावर काझी सर असणार, हे मला ठाऊक होतं.

काझी सर तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचे. दोन वर्षांपासून ते नदीच्या पाण्याची माहिती गोळा करत होते. वाडीत लिहिता-वाचता येणारी मी एकटी, म्हणून त्यांनी मला दोरी बांधलेला एक थर्मामीटर आणि एक वही दिली होती. रोज दुपारी तीन वाजता पाण्यात सोडायचा, आकडा लिहायचा. देवळाच्या पायऱ्या आम्हाला बंद, म्हणून मी पलीकडच्या काठावरून सोडायची. त्या वहीतला डोहाचा आकडा उन्हाळाभर चढत होता. एकतीस, बत्तीस, आणि जून लागल्यावर चौतीस.

डोहाजवळ पोचलो आणि आधी वास आला. पाणी शेवाळी हिरवं झालं होतं. मासे एकमेकांना खेटून वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. पन्नास-साठ तोंडं, सगळी एकाच वेळी. आवाज येत होता त्याचा. चप, चप, चप. काठावर गाव जमलं होतं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दौलत मालुसरे पायरीवर बसला होता. बाला पाहून त्याने नजर दुसरीकडे नेली.

"ही शेवटची संधी आहे," काझी सर सगळ्यांना समजावत होते. "पाणी तापलं की त्यातली हवा उडून जाते. दुपारपर्यंत यातले निम्मे जातील. पाऊस आणखी आठ-दहा दिवस नाही, असा अंदाज आहे. आजच हलवायला हवेत."

"हलवणार कुटं?" मालुसरे म्हणाला. "सगळी नदी आटलीय. आणि देवाचं मासं देवापासनं न्यायचं म्हणजे काय?"

"थंड पाणी कुठेतरी असेलच," सर म्हणाले, आणि पिशवीतून माझी वही काढली. महिन्याचा हिशोब म्हणून ती मी आदल्या आठवड्यातच त्यांना दिली होती. त्यांनी पानं उलटली. "बुधी, तू डोहाखाली रोज आणखी एक आकडा लिहिलायस. 'दुसरी जागा.' पूर्ण उन्हाळाभर सव्वीस. सव्वीसच्या वर नाही गेला. ही दुसरी जागा कुठली?"

सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं.

ती जागा म्हणजे कपारकोंड. डोहापासून नदीने पाव तास वर गेलं की दोन कड्यांची खिंड लागते. जांभळी आणि करंजांनी झाकलेली. आत खडकाच्या पोटातून झरा येतो आणि खाली माणूस बुडेल एवढा कोंड साठतो. ऊन तिथे फक्त मध्यान्हीला हातभर उतरतं. गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे. चैत्रापासून पावसापर्यंत, बाकीची नदी कोरडी पडली की आमच्या अठरा घरांना मासळी मिळायची ती तिथेच. दुसरं होतंच काय आमच्याकडे त्या तीन महिन्यांत? मी आकडा लिहिला होता, कारण आकडा लिहायला मला आवडायचं. पण जागेचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं. देवाचा मासा एकदा त्या पाण्यात पडला की ते पाणी देवाचं होणार, आणि आमचं जाळं तिथे चोरीचं ठरणार, एवढं मला कळत होतं.

"आमच्या वाडीची विहीर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत मासे सोडता येणार नाहीत हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी वही मिटली. समोर एक मोठा मासा कुशीवर झाला, पांढरं पोट वर आलं, शेपटी दोनदा हलली आणि मग थांबली. एक म्हातारी बाई रडायला लागली.

बा उठला आणि माझ्या दंडाला धरून मला करंजाच्या झाडाखाली घेऊन गेला. मला वाटलं, शाबासकी देणार.

"खोटं का बोललीस?"

"बा, कोंड गेला तर खायचं काय आपण?"

"ते मी बघीन."

"नऊ वर्षांपूर्वी काय केलं ह्या लोकांनी? इसरलास? मरू देत त्यांचे मासे!"

बा डोहाकडे पाहत राहिला.

"त्यांचे?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "जा. सरांना सांग जागा कुटली ती. तूच सांग, खोटं तुझ्या तोंडून गेलंय."

मला त्याचा राग आला. आजही आठवतं, पाय आपटत गेले मी. पण सांगितलं. सर्वांसमोर सांगितलं, की मी खोटं बोलले आणि वर कपारीत पाणी आहे, माणसाच्या उंचीचं आणि थंडगार.

पुढचा अर्धा तास गावकीत वाद चालला. देवीला विचारायला हवं म्हणाले, कौल लावायला हवा म्हणाले. शेवटी भिकाजी गुरवच ओरडला, "ही तोंडं उघडी टाकलीत, त्यो कौल नाय तर काय हाय?" आणि त्याने खांद्यावरचा पंचा कमरेला घट्ट बांधला.

पण पाण्यात उतरून सगळे नुसते उभे राहिले. मासा जिवंत ठेवून धरायचा कसा, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कधी तसा धरलाच नव्हता. मालुसरेच्या पुतण्याने एकाला कल्ल्यात बोटं घालून उचललं तर तो हातातच रक्ताळला.

"सोड!" बा काठावरून ओरडला. "सोड त्याला पाण्यात!" आणि तो पायऱ्या उतरून डोहात शिरला. कुणी त्याला अडवलं नाही.

मग बाने जे सांगितलं ते गाव ऐकत गेलं. वाडीतून माणसं बोलावली. बायकांनी घराघरातून जुनी लुगडी आणली, ती भिजवून झोळ्या केल्या. दोन टोकांना दोन माणसं, मध्ये ओल्या कापडात मासा, आणि त्याच्या डोळ्यांवर ओल्या चिंधीची घडी, म्हणजे तो धडपडत नाही. वाटेत पाणी शिंपडायला मुलींच्या हातात कळश्या. खिंडीच्या अलीकडे जुना सिमेंटचा बंधारा होता, छातीएवढा उंच, मागे गाळाने भरलेला. कुणाच्या काळात बांधला आणि कशासाठी, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. तिथे झोळी खालच्या माणसांनी वरच्यांच्या हाती द्यायची. मालुसरे तिथे वर उभा राहिला. खालून झोळी देणारा पहिला माणूस बा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण झोळी मात्र अलगद वर गेली.

गुरव पाण्यात एका बाजूला हात छातीशी धरून उभा होता. चाळीस वर्षं त्याने या माशांना तांदूळ घातले होते आणि एकालाही कधी स्पर्श केला नव्हता. फाटक्या शेपटीची एक मोठी मादी त्याच्या पायाशी येऊन थांबली होती. तो तिला थोरली म्हणायचा.

"हिला मी..." तो म्हणाला आणि तिच्याकडे नेलेला हात त्याने मागे घेतला.

"आधी हात भिजव," बा म्हणाला. "कोरड्या हातानं धरलंस तर तिच्या अंगावरचा चिकटा निघतो. मग रोग लागतो. हां. एक हात पोटाखाली, एक शेपटाच्या मुळाशी. दाबू नको. लेकरू धरतोस तसं धर."

गुरवाने धरलं. मासा शांत राहिला. गुरवाचे डोळे भरून आले, आणि तो कुणाला तरी शिव्या देत राहिला, बहुधा उन्हाला.

कपारकोंडात सोडायचं काम माझ्याकडे होतं. मासा नुसता टाकून द्यायचा नाही. झऱ्याच्या तोंडाशी त्याला सरळ धरायचं, थंड पाणी तोंडात शिरू द्यायचं, आणि वाट पाहायची. काही लगेच सुटले, काहींना पाच-पाच मिनिटं लागली. काझी सर शेजारी बसून आकडा टिपत होते. हातात जीव परत येतो तो कळतो. आधी काहीच नसतं, नुसतं वजन. मग कल्ला हलतो. मग पाठीत एक कड येते, आणि एकदम हात रिकामे होतात. दहाव्या-बाराव्या माशानंतर माझा राग कुठे गेला, मला समजलं नाही. थोरलीला मात्र फार वेळ लागला. मला वाटलं, गेली. गुरव काठावर बसून तिच्याकडे टक लावून होता, आणि बा माझ्या शेजारी पाण्यात उभा राहून म्हणत होता, "थांब. थांब. सोडू नको." शेवटी तिने शेपटीचा असा फटका मारला की आम्ही सगळेच भिजलो.

चार वाजेपर्यंत त्रेपन्न मासे वर गेले. चार वाटेत मेले.

सगळे दमून खडकांवर बसले होते. मालुसरे म्हणाला, "भिकाजी, गाऱ्हाणं घाल. देवाच्या लेकरांची जागा बदललीय, देवाच्या कानावर घालायला पाहिजे."

गुरव उठला. हात जोडले. सगळे उठले. आम्ही वाडीची माणसं जरा मागे सरकून उभी राहिलो, सवयीने.

"आई पाणजाई," गुरवाने सुरुवात केली. "आज तुझ्या लेकरांना आमी तुझ्या पायापासनं हलवलं. हात लावला. काय चुकलंमाकलं असंल..." इथे तो अडला. सगळ्यांना वाटलं, शब्द विसरला. त्याने जोडलेले हात सोडले आणि तो वळला, देवाकडे नाही तर आमच्याकडे.

"नऊ वर्षं माझ्या गळ्याशी अडकलंय," तो म्हणाला. "पूर ओसरला त्या दिवशी एक मासा वर खडकाच्या खळग्यात अडकून पडला व्हता. पाणी उतरलेलं. ह्या चांगोनं त्याला उचलला आणि डोहात सोडला. मी पायरीवर उभा व्हतो. समदं पाहिलं मी."

मालुसरे खडकावरून पुढे आला.

"मग त्यादिशी बोलला का नाय?" त्याने विचारलं.

"भ्यालो. गाव म्हणालं असतं, गुरव असताना कातकरी डोहात उतरला कसा. माझी पूजा गेली असती. तू दोरी घेऊन आलास, मी देवळात जाऊन बसलो." तो बाकडे वळला. "चांगो, मी पाहिलं व्हतं रे."

बा मागे खडकाला टेकून पाय पुसत होता. तो म्हणाला, "ठावं हाय मला. मीबी तुला पाहिलं व्हतं."

मालुसरे मटकन खाली बसला.

परत येताना मी आणि बा शेवटी होतो.

"तुला माहीत होतं? एवढी वर्षं? कुणाला बोलला का नाहीस?"

"कोण ऐकणार व्हतं? पुजाऱ्याला खोटा पाडायचा, तोबी कातकऱ्यानं?"

"आणि तरीही आपला कोंड देऊन टाकलास. त्यांना."

"त्यांना कुटं? माशांना दिला." "थोरलीचं शेपूट बघितलंस? तवाच फाटलं व्हतं, खडकावर आपटून. एकदा जिती सोडलेली, ती आता डोळ्यासमोर मरू द्यायची व्हय?"

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. पाऊस सतराव्या दिवशी आला आणि पुराबरोबर मासे आपसूक डोहात उतरले. त्या सतरा दिवसांत भिकाजी गुरव रोज आमच्या वाडीवरून कपारकोंडाकडे तांदूळ घेऊन जायचा आणि परतताना आमच्या ओट्यावर पाणी प्यायचा. आमच्या पोटाचा प्रश्न त्यानेच गावकीत मांडला. देवळाखालचा नदीचा पट्टा, जिथल्या डबक्यांत उन्हाळ्यातही मासळी राहायची पण आजवर फक्त गावाची जाळी पडत, तो उन्हाळ्यापुरता वाडीला दिला गेला. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. एका घराने आमचं जाळं कापलंही. पण तो पट्टा आमच्याकडे टिकला.

मालुसरेने बाची माफी मागितली नाही. तो त्यातला माणूस नव्हता. आठ दिवसांनी, पाऊस यायच्या आधी, तो एकटा पहार घेऊन जुन्या बंधाऱ्यावर गेला. बाने म्हटलं होतं ते त्याने ऐकलं असणार, की हा मधला बंधारा नसता तर मासे पाणी तापायच्या आत आपले आपणच वर गेले असते. तो पहारीने सिमेंट फोडत होता, आणि साठीच्या माणसाला ते जमत नव्हतं. बाने त्याला दुरून पाहिलं आणि घरातला घण उचलला. संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस माणसं झाली. गावाने रीतसर ठराव केला तो नंतर. बैलगाडीएवढी फट पडली तीन दिवसांत.

काझी सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की पुढचे उन्हाळे असेच असणार, अधूनमधून याहूनही वाईट. ते खरं ठरलं. पुढच्या दोन्ही वर्षी डोह तापला आणि दोन्ही वर्षी आम्ही झोळ्या बांधल्या. दरम्यान काठावर जांभूळ, उंबर, करंज लावले. खिंडीतल्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरलं. डोहापासून कपारकोंडापर्यंतची सगळी नदी राखीव झाली, आणि तिची राखण वाडी आणि गाव मिळून करायला लागलं. माझ्या वहीच्या चार वह्या झाल्या, मग चौदा. आज मी या खोऱ्यातल्या अकरा कोंडांचं पाणी मोजते, आणि वहीत प्रत्येकाचं नाव लिहिते.

तिसऱ्या वर्षी चैत्र संपता संपता मी डोहात बत्तीसचा आकडा पाहिला आणि वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लुगडी, कळश्या घेऊन जमले. गुरव नव्या माणसांना हात कसे भिजवायचे ते दाखवत होता. बा पाण्यात उतरला, इकडे गेला, तिकडे गेला, कपारींत हात घालून पाहिलं.

"काय झालं?" मालुसरेने विचारलं.

"एकबी नाय."

गुरवाचा चेहरा पडला. कुणी काही बोलायच्या आत मी नदीपात्रातून वर धावत सुटले होते. बंधाऱ्याच्या फटीतून घोट्याएवढं पाणी अजून वाहत होतं, त्याच्या कडेच्या चिखलावर पोटं घासत गेल्याच्या ओल्या पन्हळी उमटल्या होत्या. खिंडीत शिरले. डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ लागला.

कपारकोंडाच्या तळाशी ते होते. थोरली झऱ्याच्या तोंडाशी, बाकीचे तिच्यामागे, प्रवाहाकडे तोंडं करून स्थिर. आणि त्यांच्या वरच्या थरात, उन्हाच्या त्या हातभर तुकड्यात, बोटाएवढी पिलं. मी मोजायला लागले आणि दोनशेनंतर सोडून दिलं.

मागून धापा टाकत सगळे आले. खडकावर ओळीने ओणवे झाले. कुणाच्याच हातातली झोळी अजून सुटली नव्हती.

"सांगून तरी जायचं," गुरव म्हणाला. "आमी सकाळपासनं लुगडी भिजवतोय."

बाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघेही तिथेच, काठावर, पालथे पडून पिलं बघत राहिले.